दोन शिवणी

'फिस्टुला' म्हटलं की आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या मनात भगंदर येतं. माझं दुखणं नात्यात अर्धंमुर्धं कळलं, त्याच आठवड्यात आमचे एक चुलतमामा चिकोडीहून एका वैद्यांचा पत्ता घेऊन आले. क्षारसूत्राचे वैद्य. "दोरा बांधतात, आठवड्याला बदलतात, हळूहळू भरून येतं. सूनबाईंना सांग, घाबरू नका म्हणावं," असं ते बाहेरच्या खोलीत ह्यांना समजावत होते. ह्यांनी पत्ता खिशात ठेवला, मामांना चहा दिला, आणि माझं दुखणं त्या जागेचं नव्हेच हे काही बोलले नाहीत. बोलणार तरी कोणत्या शब्दांत?

आपल्या बायकांच्या बोलीत अंगावरून लाल जाण्याला शब्द आहे, पांढरं जाण्याला आहे, अंग बाहेर येण्याला आहे. पण लघवीची पिशवी आणि योनिमार्ग यांच्या मधल्या पडद्याला भोक पडून लघवी सारखी खालून गळत राहते, याला घरगुती शब्दच नाही. डॉक्टर 'व्हीव्हीएफ' म्हणतात. मी लिहितानाही तेच म्हणते, कारण 'मूत्राशय-योनी नाडीव्रण' असलं काही लिहिलं तर मलाच ते दुसऱ्या कुणाचं तरी दुखणं वाटेल. ज्याला नाव नाही ते सांगता येत नाही, आणि सांगितलं नाही की इलाजही होत नाही. माझे तीन आठवडे त्यात गेले. काही बायकांचा जन्म जातो.

माझी गर्भपिशवी ४९ व्या वर्षी काढली. गाठी होत्या. महिन्यातले दहा-दहा दिवस जात राहायचं, हिमोग्लोबिन साडेसहावर आलेलं, दुकानाच्या माडीचा जिना चढताना दोनदा बसावं लागायचं. ऑपरेशन गरजेचंच होतं, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या भागात 'पिशवी काढून टाकली की कटकट मिटली' असं म्हणत पस्तिशी-चाळिशीतच ऑपरेशन उरकणाऱ्या बायका कमी नाहीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, त्याच्या बातम्या २०१९ मध्ये आपण सगळ्यांनी वाचल्या. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. जितकी ऑपरेशनं जास्त, तितका हा धोकाही जास्त बायकांच्या वाट्याला. पण माझी गोष्ट ती नव्हे.

माझी दोन्ही मुलं सिझेरियनची. लघवीची पिशवी गर्भपिशवीच्या पुढ्यातच असते. एरवी ती अलगद सुटते, पण आधी सिझेरियन झालेलं असलं तर जुन्या व्रणाला घट्ट चिकटून बसलेली असू शकते. ती सोडवताना नकळत धक्का लागतो, किंवा टाका घालताना सुईत तिचा पदर येतो. टाक्यात धरला गेलेला तेवढा भाग रक्त न मिळाल्यानं हळूहळू मरतो आणि आठ-पंधरा दिवसांनी गळून पडतो. म्हणून ऑपरेशननंतर सगळं ठीक असतं, नळी काढतात, बाई स्वतः लघवीला जाते, टाके निघतात, घरी येते, आणि मग एके दिवशी गळती सुरू होते.

माझा दहावा दिवस होता. पहाटे जाग आली तेव्हा परकर, चादर, खालची सतरंजी सगळं भिजलेलं. आधी घाम वाटला. मग वाटलं, जखमेचं पाणी असेल. वास आला तेव्हा कळलं.

नर्सिंग होममध्ये फोन केला. "अशक्तपणा आहे, मोठं ऑपरेशन झालंय, लघवीची पिशवी सैल पडते, आवळून धरायचे व्यायाम करा," असं सांगितलं गेलं. गोळ्या बदलून दिल्या. आठवड्यानं गेलो, तेच. आणखी आठवड्यानं गेलो, तेच. मी इमानानं आवळून धरत होते आणि पाणी वाहतच होतं. पुढे दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला ऑपरेशनची टिपणं मागितली, तर एका पानाचं डिस्चार्ज कार्ड मिळालं. त्यावर एकच शब्द ठळक होता, 'अनइव्हेंटफुल'. ह्यांनी मला त्याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, "विशेष काही घडलं नाही."

राग भोक पडल्याचा नाही. चांगल्या हातूनही हे होतं, गर्भपिशवीच्या हजारभर ऑपरेशनांत एखादीला होतंच, असं मला नंतर भेटलेल्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. लहान दिरांना कोर्टात जायचं होतं, मी नको म्हटलं. राग त्या 'अशक्तपणा' शब्दाचा आहे. भोक लवकर, पहिल्या दिवसांतच लक्षात आलं आणि अगदी लहान असलं, तर काही आठवडे नळी ठेवून लघवीची पिशवी रिकामी ठेवली की ते कधीकधी आपलं आपण मिटतं. मला ती संधी मिळाली असती की नाही, कोण सांगणार? पण विचारण्याइतकाही वेळ मिळाला नाही.

निदान केलं ते माझ्या पुतणीनं. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती, सुट्टीला आली होती. माझ्या खोलीत आली, नाकाला जाणवलं असणार, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. दार लावून तिनं विचारलं, "काकू, हसल्या-खोकल्यावर जाते, की सारखीच?"

"सारखीच."

"रात्री झोपेत?"

"झोपेत जास्त."

"मग हे सैलपण नाही, काकू."

एवढंच. बाकीच्या सगळ्या तपासण्या नंतरच्या. खोकताना, शिंकताना, घागर उचलताना थोडी निसटते ते निराळं. त्याला व्यायाम आहे, औषध आहे, इलाज आहे. बसलं, उठलं, निजलं, काहीही केलं तरी थेंब थेंब चालूच राहते, तिथं वाट पडलेली असते. हा फरक सांगायला डिग्री लागत नाही. आपल्या घराघरांतल्या बायकांना तो तोंडपाठ असायला हवा.

बेळगावातल्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील. त्यांनी कापसाचे तीन बोळे आत एकावर एक ठेवले आणि नळीनं लघवीच्या पिशवीत निळं पाणी भरलं. मग म्हणाल्या, "आता पंधरा मिनिटं व्हरांड्यात फिरा." मी फिरले. बोळे काढले तेव्हा खालचा पांढरा, मधला आणि वरचा निळा. त्यांनी ट्रे माझ्यापुढे धरला. "हे बघा. भोक लघवीच्या पिशवीला आहे. सगळ्यात वरचा बोळा नुसता ओला असता आणि निळा नसता, तर किडनीकडून येणाऱ्या नळीला इजा आहे असं म्हटलं असतं."

त्या दुसऱ्या प्रकारातली बाई तर आणखी चकवते. तिची एक मूत्रवाहिनी फुटलेली असते आणि दुसरी शाबूत, म्हणून ती रोजच्यासारखी लघवीलाही जाते आणि खालून गळतही असते. घरच्यांना वाटतं, हिला लघवी होते की, मग हे कसलं सोंग? काही बायकांत दोन्ही एकदम असतं. म्हणून एक भोक दिसलं तरी किडनीपासूनच्या नळ्यांचा स्कॅन करतातच. माझा केला, नळ्या शाबूत निघाल्या. मग दुर्बीण घालून पाहिलं. भोक हरभऱ्याच्या डाळीएवढं. एवढ्याशा भोकातून माझं सगळं जगणं वाहून चाललं होतं.

मला वाटलं, आता उद्या-परवा शिवतील. त्या म्हणाल्या, तीन महिने थांबायचं.

मी कापड दुकानदाराची बायको. घरात शिलाईचं मशीन आहे, फॉल-बीडिंग मी स्वतः करते. त्यांनी माझ्याच भाषेत सांगितलं. "भिजून फुगलेल्या, कुजलेल्या कापडाला टाका घातला तर काय होतं? सुई कापड फाडत जाते, टाका धरत नाही. आत्ता तुमचं आतलं कापड तसं आहे. सूज उतरू दे. पहिल्यांदा शिवतो तीच शिवण सगळ्यात चांगली बसते. फसली तर दुसऱ्या वेळी कापड कमी उरतं आणि व्रण जास्त." हल्ली काही ठिकाणी निवडक बायकांचं लवकरही शिवतात, पण माझी सूज पाहून त्यांनी थांबायचं ठरवलं. पहिल्याच प्रयत्नात दहातल्या नऊ-एक जणी बऱ्या होतात, हेही सांगितलं. मी तो आकडा रोज रात्री मोजत असे.

ते तीन महिने. काय लिहू? मोठ्या माणसांचे डायपर महाग, आणि उन्हाळ्यात त्यानं कातडी सोलून निघायची. ह्यांनी दुकानातून मलमलचं अख्खं ठाण आणलं, मी घड्या शिवल्या. दिवसाला पंधरा-सोळा लागत. रबरी चादर, तिच्यावर जुनं धोतर, उठल्यावर सगळं धुऊन मागच्या परसात वाळत, पुढच्या दोरीवर नव्हे. मांड्या भाजल्यासारख्या लाल. झिंकचं मलम लावायचं, कोरडं करायचं, पुन्हा लावायचं. आणि पाणी. गळतं म्हणून कमी प्यायलं, तर लघवी दाट होते, आग जास्त, वास जास्त. डॉक्टरांनी तीन लिटर प्यायला सांगितलं. आधीच गळणाऱ्या बाईला भरपूर पाणी पी म्हणणं म्हणजे गळक्या छपरावर पाऊस मागण्यासारखं वाटतं, पण वास खरोखर कमी झाला.

त्यात आमच्या घरचा सूर्यास्त. माझा रात्रीचा त्याग अन्नाचा आहे, पाण्याची सूट मी पहिल्यापासून ठेवलेली. सासूबाईंचा पाण्यासकट. त्यांच्यादेखत रात्री तांब्या तोंडाला लावायचा मला संकोच व्हायचा. एका रात्री त्याच गाळून उकळलेलं पाणी निववून माझ्या उशाशी ठेवून गेल्या. बोलल्या काही नाहीत. दुसऱ्या रात्रीही ठेवलं. मग ते रोजचंच झालं.

बस्तीत जाणं मी आपण होऊन थांबवलं. कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. पण भिजलेल्या कपड्यांनी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी कसं उभं राहायचं? महावीर जयंतीची पालखी मी गच्चीवरून पाहिली. त्याच सुमाराला गावात संघ आला. आमच्या घरी दर वेळी चौका लागतो. पडगाहनाला कलश घेऊन मी उभी राहायची, त्या वर्षी जाऊबाई उभ्या राहिल्या. त्यांना विधी म्हणताना अडखळताना मी आतून ऐकत होते आणि ओठ हलवत होते. मुनिमहाराजांचा आहार निर्विघ्न झाला. पान पडलं तरी दचकायचे मी, अंतराय आला तर लोक म्हणतील घरात विटाळ होता.

एक आत्या भेटायला आल्या. हात हातात घेऊन म्हणाल्या, "असातावेदनीय कर्माचा उदय गं बाई. शांतपणे भोगायचं, म्हणजे निर्जरा होते." आत्यांची माया खरी होती. आणि सिद्धांतही मी नाकारत नाही. पण त्याच आत्या मोतीबिंदू झाला तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. डोळ्याच्या कर्माला टाके चालतात आणि ह्या जागेच्या कर्माला फक्त शांती, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? मी विचारलं नाही. त्या माझ्यापेक्षा पंचवीस वर्षांनी मोठ्या.

वेळ जात नव्हता म्हणून वाचायला लागले. बी.ए.ला इतिहास होता, सवय जात नाही. मुलानं मोबाईलवर काय काय काढून दिलं. हे ऑपरेशन जगात पहिल्यांदा खात्रीनं जमवलं म्हणून ज्याचं नाव घेतात तो डॉक्टर अमेरिकेतला, मॅरियन सिम्स. १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातल्या माँटगोमेरी गावी त्यानं ही शस्त्रक्रिया करून करून शिकली. कुणावर? गुलाम बायकांवर. त्यांना नको म्हणायचा हक्कच नव्हता. अनार्का, बेट्सी, ल्यूसी ही तीनच नावं कागदावर उरली आहेत. बाकीच्यांची नावंही नाहीत. अनार्का जेमतेम सतरा वर्षांची, अडलेल्या बाळंतपणानं फाटलेली. तिच्यावर तीसच्या आसपास ऑपरेशनं केली, भूल न देता. ईथरची भूल १८४६ मध्ये बॉस्टनला जाहीरपणे दाखवून झाली होती, तरी. त्याचे मदतनीस कंटाळून निघून गेले तेव्हा ह्याच बायकांना त्यानं हाताखाली घेतलं. एकीवर चालू असताना दुसऱ्या तिला धरून असत. रेशमाचे टाके पिकायचे, फसायचे. शेवटी चांदीच्या तारेनं शिवलं आणि जमलं.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा त्याचा पुतळा २०१८ मध्ये हलवला. माँटगोमेरीत २०२१ मध्ये त्या तिघींची शिल्पं उभी राहिली. हे वाचून मी मोबाईल उपडा ठेवला. माझ्या पोटात जी शिवण पडणार तिचा पहिला धडा कुणाच्या देहावर गिरवला गेला, हे कळल्यावर ऑपरेशनला नकार द्यावा असं वाटलं नाही. पण ती तीन नावं मी पाठ केली. आपण णमोकार म्हणतो तेव्हा कुणा एका व्यक्तीचं नाव घेत नाही. ह्या तिघींचं मी घेते, निराळ्या वेळी.

टाक्याच्या दोऱ्याचाही प्रश्न माझ्या मनात होता. पूर्वी आत विरघळणारा दोरा मेंढीच्या, गाईच्या आतड्यापासून करत. 'कॅटगट' म्हणत त्याला. मी डॉक्टरीणबाईंना विचारलंच. त्या हसल्या नाहीत. "आता आम्ही कृत्रिम धाग्यानं शिवतो, तोही विरघळतो. त्यात प्राण्याचं काही नाही," म्हणाल्या. कॅप्सूलचं विचारलं, तर गोळी असेल तिथं गोळीच लिहून दिली. इतकं साधं आहे. आपण विचारायला लाजतो.

आषाढात ऑपरेशन झालं. काहींचं खालच्या वाटेनं करतात, काहींचं दुर्बिणीनं, माझं पोटावरच्या जुन्या व्रणातून. आदल्या दिवशी त्यांनी कागदावर काढून दाखवलं. लघवीची पिशवी मागच्या बाजूनं भोकापर्यंत उघडायची. भोकाचा कडक झालेला काठ काढायचा. मग लघवीची पिशवी आणि योनिमार्ग हे दोन पदर एकमेकांपासून चांगले लांबवर सुटे करायचे. हेच खरं किचकट काम. प्रत्येक पदर वेगळा शिवायचा, ताण न देता, पाणी झिरपणार नाही असा. आणि दोन शिवणी एकमेकींवर येऊ द्यायच्या नाहीत. आल्या तर जिथं वरची कमजोर तिथंच खालचीही कमजोर, पुन्हा वाट पडायची भीती. म्हणून मध्ये अस्तर. पोटात आतड्यांवर चरबीचा एक पडदा असतो, त्याला वपा म्हणतात. त्याचा पदर खाली ओढून दोन शिवणींच्या मध्ये बसवायचा. त्याला स्वतःचं रक्त असतं, तो जखम भरून काढायला मदत करतो. खालच्या वाटेनं शिवतात तेव्हा बाहेरच्या ओठातली चरबी असंच अस्तर म्हणून वळवतात.

मला हे ऐकून भीती कमी झाली. पोलक्याला अस्तर लावताना मी काखेची शिवण नेहमी जराशी सरकवून घेते, नाहीतर तिथं जाड होतं आणि आधी तिथंच उसवतं. आईनं शिकवलं होतं.

ऑपरेशन दोन-अडीच तासांचं. त्यानंतरचे तीन आठवडे मात्र त्याहून अवघड. दोन नळ्या, एक खालून, एक ओटीपोटातून. लघवीची पिशवी क्षणभरही भरू द्यायची नाही. नळी मुरगळली, अंगाखाली दाबली गेली किंवा आत गाठ अडकून तुंबली, तर पिशवी फुगते आणि नव्या शिवणीवर ताण येतो. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला नाही, ह्यांना समोर बसवून सांगितलं. "ऑपरेशन मी केलं. ते टिकवणं आता ह्या नळीवर आहे."

ह्यांनी दुकानातली जुनी रोजकीर्द आणली, मागची कोरी पानं उघडली. जमेच्या बाजूला मी प्यायलेलं पाणी, नावेच्या बाजूला पिशवीत आलेलं, दर दोन तासांनी, मिलिलिटरमध्ये. रात्री गजर लावून उठायचे, टॉर्चनं नळी वरपासून खालपर्यंत पाहायचे, आकडा लिहायचे. २६ वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मला 'बरं वाटतंय का' असं सरळ कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारलं नाही. पण एकदा पहाटे अडीचला आकडा दोन तास हलला नाही, तेव्हा दिवा लावून, चपला न घालता शेजारच्या कंपाउंडरना उठवायला धावले. नळी कुशीखाली दुमडली होती, एवढंच निघालं. ती वही अजून आहे.

एकविसाव्या दिवशी औषध भरून एक्स-रे काढला. कुठंही पाझर नाही. नळ्या काढल्या. हॉस्पिटलच्या संडासात मी किती वेळ बसले होते कुणास ठाऊक. आणि लघवी झाली. जिथून व्हायची तिथून. आधी किती, हे मोजायला भांडं दिलं होतं, मी मोजायचं विसरले. पुढचे काही आठवडे दर तासाला जावं लागे, कारण इतके महिने रिकामी राहून पिशवी आकसलेली असते. मग हळूहळू सवय झाली. जड उचलायचं नाही, तीन महिने नवरा-बायकोचा संबंध नाही, हे डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना एकत्र बसवून सांगितलं. आमची दोघांचीही मान खाली. पण बरं झालं एकत्र सांगितलं. हे सांगायचं काम बाईवर सोपवलं की काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

पुढच्या वर्षी भाद्रपदात दशलक्षण पर्वात महिला मंडळानं मला 'उत्तम शौच' या धर्मावर बोलायला सांगितलं. योगायोगच, त्यांना माझं दुखणं 'पोटाचं मोठं ऑपरेशन' एवढंच माहीत. मी रीतसर तयारी केली. शौच म्हणजे लोभाचा अभाव, मनाची शुद्धी, आंघोळ आणि सोवळं नव्हे. आपल्या आचार्यांनी हे किती आधी सांगून ठेवलंय वगैरे. बोलता बोलता थांबले. समोर साठ-सत्तर बायका. म्हटलं, "गेल्या साली मी पर्वाला आले होते, पण त्याआधी चार महिने बस्तीची पायरी चढले नव्हते. का, ते सांगते." आणि सांगितलं. निळ्या बोळ्यांसकट. पुढच्या ओळीतल्या एका मुलीनं पदर तोंडाला लावला. अध्यक्षीणबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मी पंधरा मिनिटं जास्त घेतली.

मंडप रिकामा झाला तरी एक बाई खांबाशी बसून राहिल्या होत्या. आमच्या लांबच्या नात्यातल्या मामी, ६४ वर्षांच्या. लग्नाकार्यात नेहमी दाराजवळ बसतात, लवकर उठतात, मुक्कामाला कुणाकडे राहत नाहीत. 'मामी तुसड्या आहेत,' असं आम्ही सगळे म्हणत आलो. त्या म्हणाल्या, "माझी पिशवी काढून एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून." पुढे बोलल्या नाहीत. हातातल्या कापडी पिशवीकडे बोट दाखवलं. त्यात घड्या होत्या, जुन्या लुगड्याच्या.

मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासणी झाली. भोक माझ्यापेक्षा मोठं, पण मूत्रवाहिन्या शाबूत. "होईल," म्हणाल्या. मामी मात्र घरी येऊन म्हणाल्या, "आता किती राहिलीत वर्षं? एकोणीस गेली, बाकीचीही जातील. मुलाला कशाला खर्चात घालू?" मी दोनदा गेले, तिसऱ्यांदा गेले नाही. माणसाला आपल्या देहाबद्दल नको म्हणायचाही हक्क असतो. तो ज्यांना नव्हता त्यांचं वर लिहिलंच आहे.

आठ महिन्यांनी त्यांचाच फोन आला. नातीचं लग्न ठरलंय, मुलीकडचं, हुबळीला. तीन दिवसांचा मुक्काम. "बघ बाई, तुझ्या त्या डॉक्टरला विचार, लग्नाआधी होईल का?" लग्न मार्गशीर्षात आहे. डॉक्टरीणबाईंनी हिशोब केला, तीन आठवडे नळी, वर दोन महिने विश्रांती, बसतं म्हणाल्या. पुढच्या सोमवारी भरती व्हायचंय. मुलगा येतो म्हणालाय, रात्री नळीजवळ बसायला सून तयार आहे. ह्यांनी काल दुकानातून एक नवी कोरी रोजकीर्द आणून ठेवली आहे, आणि सुनेला रकाने कसे आखायचे ते फोनवर सांगत होते.